आसऱ्यानंतरचं काम

निर्वासितांचं स्वागत म्हटलं की २०१५ च्या सप्टेंबरातलं म्युनिक स्टेशन आठवतं. गाड्या येत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते, मुलांच्या हातात खेळणी आणि चॉकलेटं पडत होती. ती दृश्यं खरी होती आणि त्यांचं मोल कमी नाही. पण टाळ्या थांबल्यावर त्या माणसांना कुठल्या तरी गावात राहायचं असतं, शेजारी मिळवायचे असतात, मुलं शाळेत घालायची असतात. माझं काम तिथून पुढचं. गेली कित्येक वर्षं मी जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात निर्वासित कुटुंबांसोबत काम करते. आधी दुभाषी म्हणून करत होते, आता कुटुंबं आणि गावकरी यांची गाठ घालून देणारी म्हणून करते.

मी अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीची. कर्नाटकाची हद्द आम्हाला शेजारच्या शिवारासारखी. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि गल्लीतल्या मैत्रिणींशी दखनी हिंदी, अशा भाषांत आम्ही वाढलो. कोणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे मैंदर्गीतल्या पोराला शिकवावं लागत नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे गॉटिंगेनला आले, जर्मन शिकले आणि त्याच सुमारास ही माणसं येऊ लागली. त्यांच्यात पुष्कळ अफगाण होते. त्यातल्या अनेकांचं आयुष्य पेशावर, क्वेट्टा, कराचीत गेलेलं, त्यामुळे त्यांना उर्दू येत होती. फारसी आणि पश्तूचे दुभाषी पुरत नव्हते. एका सामाजिक संस्थेने विचारलं, तुमची हिंदी त्यांना कळेल का? कळली. माझी सोलापुरी वळणाची हिंदी ऐकून पहिल्याच दिवशी एक म्हातारबाबा म्हणाले, ‘बेटी, तुम कहाँ की हो?’ सोलापूर त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण तेव्हापासून मी निर्वासितांच्या त्या इमारतीत सगळ्यांची ‘बाजी’, म्हणजे थोरली बहीण, झाले.

२०१५ या एका वर्षात जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले. कुठल्या राज्याने किती माणसं घ्यायची याचं सूत्र तिथे आधीपासून ठरलेलं आहे. दोन तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. आमच्या लोअर सॅक्सनी राज्याच्या वाट्याला साधारण ९ टक्के येतात. राज्य ती पुढे जिल्ह्यांना वाटून देतं. त्यामुळे कुंदुझहून निघालेला माणूस कधी नाव न ऐकलेल्या जर्मन खेड्यात येऊन पडतो. ते गाव त्याने निवडलेलं नसतं, गावानेही त्याला निवडलेलं नसतं. अशा दोघांना एकमेकांचे शेजारी व्हायचं असतं.

सुरुवातीला मदतीचा पूर आला. कपड्यांचे ढीग लागले, गाद्या, भांडी, मुलांच्या सायकली आल्या. निवृत्त शिक्षिका जर्मन शिकवायला येत, विद्यार्थी मुलांशी खेळायला येत. कपडे निवडून लावायलाच माणसं लागत. पण दोन-तीन महिन्यांत थंडी पडली, दिवस चार वाजता मावळू लागला आणि कामाचं स्वरूप बदललं. आता कागद येऊ लागले. विमा, शाळाप्रवेश, दवाखान्याची वेळ, बसचा पास, घरातला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा याचं पत्रक, रविवारी यंत्र लावून आवाज करू नये याची सूचना. जर्मनी पत्रावर चालणारा देश आहे. उत्तर वेळेत गेलं नाही तर हक्क हातचा जातो. आलेल्या माणसाला ते पत्र वाचता येत नाही आणि न वाचण्याची मुभा त्याला नसते.

त्यातला एक लिफाफा मी कधी विसरणार नाही. तो पिवळा असतो. कोर्टाची आणि आश्रयखात्याची महत्त्वाची पत्रं त्यातून येतात. टपालवाला तो दारात देतो किंवा पेटीत टाकतो आणि लिफाफ्यावरच त्या दिवसाची तारीख पेनाने लिहितो. अर्ज नामंजूर झाला असेल तर दाद मागायची मुदत त्या तारखेपासून मोजतात. बहुतेक प्रकरणांत ती दोन आठवड्यांची, काहींत एकाच आठवड्याची. म्हणून आतल्या पत्राइतकाच बाहेरचा लिफाफा जपायचा असतो. हे कोणी सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळावं? कुंदुझचा एक तिशीतला गडी, पेशाने मेकॅनिक, पत्र व्यवस्थित प्लॅस्टिकच्या फायलीत घालून माझ्याकडे आला. ‘बाजी, यह देखो ना ज़रा.’ अर्ज नाकारला होता. मी विचारलं, लिफाफा कुठाय? त्याने तो कचऱ्यात टाकला होता. आम्ही दोघं अंगणात गेलो. पाऊस बारीक पडत होता. कागदाचा निळा डबा आडवा केला, जाहिरातींचे गठ्ठे बाजूला काढले आणि तळाशी तो सापडला. कडा भिजली होती, तारीख वाचता येत होती. मुदतीतले चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सल्लाकेंद्रातल्या वकीलबाईंनी दावा तयार केला. पुढे इमारतीतल्या प्रत्येक नव्या कुटुंबाला मी पहिल्या भेटीत हाच नियम सांगत आले: पिवळा लिफाफा फेकायचा नाही.

हा मेकॅनिक आला तेव्हापासून मी त्याला पाहत होते. सरकारी भाषावर्ग मोठे होते. ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची माहिती असा तो अभ्यासक्रम. पण अर्ज प्रलंबित असताना तो सीरिया, इराक, इराण, इरिट्रियाच्या लोकांना खुला होता. अफगाणांना बराच काळ त्यात प्रवेश नव्हता, कारण त्यांना राहू देण्याची शक्यता सरकारला कमी वाटत होती. कामावर जायलाही सुरुवातीचे महिने बंदी असते. म्हणजे सकाळी उठायचं, मिळेल ते खायचं आणि पत्राची वाट पाहायची. पेशावरात रिक्षा आणि मोटारसायकली दुरुस्त करून घर चालवणारा हा माणूस सहा जणांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राही. लोक त्याला जॅकेट देत, सूप देत, खेळणी देत. तो प्रत्येकाचे आभार मानी. त्या आभार मानण्याने तो खचत चालला होता हे मला त्याच्याशी बोलताना जाणवे. एकदा म्हणाला, ‘घरी असताना माझ्या दारात लोक यायचे, काम घेऊन. इथे माझ्या दारात लोक येतात, पिशवी घेऊन.’

जवळच्या चर्चच्या तळघरात देणगीत आलेल्या मोडक्या सायकली पडून होत्या. आठवड्यातून एकदा काही निवृत्त गृहस्थ त्या दुरुस्त करून निर्वासितांना वाटत. मी त्यांना म्हटलं, याला वाटपाच्या रांगेत उभं करू नका, पाना हातात द्या. त्यांनी दिला. पहिल्या संध्याकाळी त्याने एका जुन्या सायकलचं मागचं चाक काढलं, कान लावून फिरवलं आणि आऱ्या एकेक करून आवळल्या. गोठलेल्या बोटांनी त्याने ते चाक असं सरळ केलं की शेजारी उभे असलेले आजोबा आपलं काम सोडून बघत राहिले. महिन्याभरात त्या तळघराला ठरलेली वेळ मिळाली आणि गावकरीही आपल्या सायकली घेऊन येऊ लागले. आता तो लोकांना उद्या या, परवा या म्हणू लागला. त्याची जर्मन भाषा वर्गात कमी आणि त्या तळघरात जास्त वाढली. ब्रेक, चेन, झडप, ‘हवा कमी आहे’, ‘हे मी दुरुस्त करत नाही, नवीन घ्या.’ नाही म्हणायचा अधिकार त्याला तिथे पहिल्यांदा मिळाला.

तिथेच त्याला एका सायकल दुकानदाराने पाहिलं आणि साडेतीन वर्षांच्या दुचाकी मेकॅनिकच्या प्रशिक्षणासाठी घेतलं. दरम्यान २०१६ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला होता. ज्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला आहे पण जो असं प्रशिक्षण घेतो आहे, त्याला प्रशिक्षण पुरं होईपर्यंत आणि त्यानंतर नोकरीची दोन वर्षं परत पाठवत नाहीत. आमच्या मेकॅनिकचा दावा शेवटी कोर्टात टिकला नाही. पण दुकानदाराला तो हवा होता, म्हणून तो राहिला. लेखी परीक्षेने त्याला फार छळलं. तांत्रिक जर्मन शब्द तो पाठ करायचा आणि मी त्याला उर्दूतून अर्थ समजावायची. तो पास झाला. आज तो त्याच दुकानात आहे आणि दर फेब्रुवारीत नव्या शिकाऊ मुलांच्या मुलाखतीला मालक त्याला बरोबर बसवतो.

तळघरात चहा करायला येणाऱ्या एक आजी होत्या. सुरुवातीपासून त्या त्याच्याशी फार बोलत नसत, पण दर वेळी त्याच्यासाठी कप बाजूला काढून ठेवत. एकदा मी त्यांच्यासोबत कप धूत होते तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगितलं. १९४६ मध्ये त्या पाच वर्षांच्या होत्या. सायलेशिया हा भाग पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं गेलं. आई आणि ही मुलगी मालगाडीतून इकडे आल्या. गॉटिंगेनजवळच्या खेड्यात सरकारी हुकुमाने एका शेतकऱ्याच्या घरात त्यांना खोली मिळाली. शेतकऱ्याने खोली दिली, पण स्वयंपाकघर दिलं नाही. आई वर्षभर अंगणात चूल मांडून शिजवायची. गावच्या मुलांनी शाळेत त्यांना जवळ बसू दिलं नाही. ‘आम्ही तर त्यांचीच भाषा बोलत होतो, त्यांच्याच धर्माचे होतो,’ त्या म्हणाल्या.

युद्धानंतर पूर्वेकडून असे सुमारे १ कोटी २० लाख जर्मन निर्वासित झाले. १९५० मध्ये लोअर सॅक्सनीच्या लोकसंख्येत चौथ्या हिश्शाहून जास्त माणसं तीच होती. आमच्या शहराच्या दक्षिणेला फ्रीडलांड नावाचं छोटं गाव आहे. विद्यापीठाच्या शेतीप्रयोगशाळेच्या गोठ्यांमध्ये १९४५ च्या सप्टेंबरात ब्रिटिशांनी तिथे छावणी सुरू केली. पुढे हंगेरीचे लोक आले, चिलीचे आले, व्हिएतनामचे आले, आणि आज सीरिया-अफगाणिस्तानचे येतात. आजवर ४० लाखांहून जास्त माणसं त्या छावणीतून गेली आहेत. पश्चिम जर्मनीने पूर्वेकडून आलेल्या जर्मनांना सामावलं ते गोड बोलून नव्हे. १९५२ मध्ये कायदा करून ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली होती त्यांच्यावर तिच्या निम्म्या किमतीचा कर बसवला आणि तो तीस वर्षांच्या हप्त्यांत वसूल करून ज्यांचं गेलं त्यांना दिला. त्या पैशातून घरं बांधली गेली, दुकानं उभी राहिली. लोकांची मनं नंतर वळली. एकत्र काम करताना वळली.

आजींचं ऐकताना मला आमची अज्जी आठवली. १९४८ च्या उन्हाळ्यात निजामाच्या हद्दीत रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. आळंद, अफजलपूर आमच्यापासून लांब नाही. रात्री-अपरात्री बैलगाड्या भरून माणसं इकडे येत. सोलापूर, बार्शीत तर फार लोक आले होते. अज्जी सांगायची, मठात झोपायला जागा, गावातल्या घराघरातून भाकरी. तिच्या माहेरच्या वाड्यात एक सुतार कुटुंब उतरलं होतं. पहिल्या दिवसांत ती माणसं कोपऱ्यात बसून असत, वाढलेलं घेत आणि गप्प राहत. पेरणीच्या तोंडावर अज्जीच्या वडिलांनी त्या सुताराला आपली तिफण आणि कुळव दाखवला. मग गल्लीतल्या लोकांची औतं त्याच्याकडे आली. ‘त्यानंतर त्याची बायको विहिरीवर आमच्याबरोबर भांडायला लागली,’ असं अज्जी हसत सांगायची. १३ सप्टेंबरला सोलापूरहून भारतीय सैन्य निघालं, नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सुतार कुटुंब परत गेलं. तेव्हाच दुसऱ्या बाजूची माणसं उघड्यावर आली. संस्थानातल्या कितीतरी गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवलं आहे. आसरा मागायची वेळ कोणावर कधी येईल हे धर्मावर ठरत नाही, हे आमच्या सीमेवरच्या लोकांनी एकाच वर्षात पाहिलं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बायका आणि मुलं जास्त होती. सोव्हिएत रशियाने त्यांना १९४० मध्ये घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली. वळिवड्यात त्यांनी स्वतःच्या शाळा चालवल्या, चर्च आणि दवाखाना चालवला, नाटकं बसवली, बालवीर पथकं काढली. त्या माणसांना नुसतं सांभाळलं गेलं नाही, त्यांचा कारभार त्यांच्याच हातात राहिला. म्हणूनच पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात गेलेली ती मुलं म्हातारपणीही कोल्हापूरचं नाव काढत राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीने उठलेली सिंधी कुटुंबं आली आणि आज ते गांधीनगर आपल्याकडच्या कापडव्यापाऱ्यांची मोठी घाऊक पेठ आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंध्यांनी उल्हासनगर उभं केलं. या सगळ्यांना पहिल्या दिवशी छप्पर आणि शिधा लागला. टिकले ते कामाने आणि व्यापाराने.

कायद्याने किती फरक पडतो हे मी २०२२ मध्ये डोळ्यांनी पाहिलं. २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला आणि ४ मार्चला युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. युक्रेनच्या लोकांना आश्रयाची मुलाखत नाही, वर्षानुवर्षं वाट पाहणं नाही, कामाची परवानगी लगेच. खारकीवची एक शिक्षिका मार्चमध्ये आमच्याकडे आली आणि उन्हाळ्याआधी एका शाळेत युक्रेनी मुलांच्या वर्गावर साहाय्यक म्हणून उभी राहिली. दुःख तिचंही मोठं होतं, नवरा मागे होता. पण सकाळी तिला कुठेतरी जायचं होतं, कोणीतरी तिची वाट पाहत होतं. त्याच इमारतीत माझी अफगाण कुटुंबं वर्षानुवर्षं कागदाची वाट पाहत होती. ती मला विचारत, ‘बाजी, हमारी जंग छोटी थी क्या?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. दोघांनाही पहिल्या महिन्यापासून कामाचा हक्क द्यायला हवा, एवढंच मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

सगळ्यांचं बरं होतं असं नाही. काही जणांना परत पाठवलं गेलं. काही मोठ्या शहरांत निघून गेले. गावकऱ्यांतही भीती असते, नाराजी असते आणि तिला नुसतं वाईट म्हणून उपयोग नसतो. भाडी वाढलेली असतात, बालवाडीत जागा नसते, दवाखान्यात वेळ मिळत नाही. ज्या गावांत या अडचणींवर नगरपालिकेने उघडपणे चर्चा केली आणि दोन्हीकडच्या लोकांना एकाच कामाला लावलं, तिथे राग निवळला. ज्या गावांत निर्वासितांना गावाबाहेर कुंपणात ठेवलं, तिथे वर्षांनंतरही दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. हे मी दोन्ही तऱ्हांची गावं पाहून सांगते.

मैंदर्गीला गेले की लोक विचारतात, तिकडे नेमकं काय काम करतेस? हे सगळं तिथल्या कट्ट्यावर सांगताना आपल्याकडची परिस्थितीही डोळ्यांपुढे असते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलामुलींपुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये, तालिबान सत्तेवर आल्यावर, परत जायचं कुठे हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. तिबेटी कुटुंबं गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्गेलिंग वसाहतीत पिढ्या राहिली आहेत. ही माणसं आपल्या आसपास आहेत. सरकारने कायदा करावा ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण त्याची वाट न पाहता करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

तुमच्या गल्लीत, तुमच्या कॉलेजात असं कोणी आलं असेल तर जेवणाचं ताट जरूर पाठवा. मग दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे काहीतरी काम घेऊन जा. त्याला काय येतं ते विचारा. शिवणकाम येत असेल तर कापड न्या, गणित येत असेल तर तुमचं पोर शिकवणीला पाठवा आणि कामाचे पैसे चोख द्या. आलेलं पत्र त्याच्याबरोबर बसून वाचा आणि लिफाफा जपायला सांगा. देणाऱ्याच्या दारात उभं राहून कोणी गावकरी होत नाही. आपल्या दारात कोणीतरी काम घेऊन आलं, की माणूस त्या गावचा होतो. हे आपल्या प्रत्येकाला करता येतं आणि आपण ते करायला हवं.